ऑनडिमांड गायब, पण बिघाड नाही
लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१ वरून ६.१२ वर नेल्यावर एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवर ऑनडिमांड गव्हर्नर (कामाच्या लोडप्रमाणे प्रोसेसरचा वेग ठरवणारं धोरण) दिसत नाही म्हणताय ना, मग आधी स्केलिंग ड्रायव्हर (प्रोसेसरचा वेग कमीजास्त करणारा) कुठला लागलाय ते बघा, एएमडी-पीस्टेट-ईपीपी असेल तर सगळं ठीक आहे, ६.५ पासून तोच बाय डिफॉल्ट येतो आणि त्यात परफॉर्मन्स नि पॉवरसेव्ह एवढेच दोन गव्हर्नर मिळतात. पॉवरसेव्ह नावावर जाऊ नका, लोड आला की क्लॉक (प्रोसेसरचा वेग) वर जातोच. ऑनडिमांडच हवा असा हट्ट असेल तर बूट पॅरामीटरमध्ये (मशीन सुरू होताना कर्नलला दिलेल्या सेटिंगमध्ये) एएमडी-पीस्टेटचा मोड पॅसिव्ह करा. एसीपीआय-सीपीयूफ्रेक हा जुना ड्रायव्हरच लागला असेल तर मात्र बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सीपीपीसी, म्हणजे एएमडी-पीस्टेटला लागणारी प्रोसेसरची सोय, बंद नाहीये ना बघा. आणि हो, पुण्यात एप्रिलच्या दुपारी बिनएसीच्या खोलीत क्लॉक पडत असेल तर ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी फॅनमधली धूळ काढा राव!