धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) खोलीसाठी एक्झॉस्ट पंखा कोणता घ्यावा?

प्रश्न: दहा फूट लांब, तेवढ्याच रुंद आणि आठ फूट उंच खोलीत धिंगरीच्या पिशव्या टांगल्या आहेत. देठ लांबत आहेत, टोप्या मात्र लहानच राहतात. बारा इंची पंखा बसवावा का?

उत्तर: लांब देठ हे कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे लक्षण आहे. खोलीत ८०० घनफूट हवा आहे. ती तासाला सहा वेळा बदलायची म्हटली, तरी मिनिटाला ८० घनफूट हवा ओढणारा पंखा पुरतो, म्हणून सहा इंचीच घ्यावा. बारा इंची पंख्याने ८० ते ९० टक्के आर्द्रता टिकणार नाही आणि कोवळ्या कळ्या सुकतील.

दुसरे उत्तर: हवा आत येण्याची वाट बहुतेक जण विसरतात. समोरच्या भिंतीत पंख्याच्या तोंडापेक्षा मोठा झरोका ठेवून त्यावर माश्या अडवणारी बारीक जाळी लावावी. उन्हाळ्यात झरोक्याबाहेर ओले गोणपाट सोडावे.

प्रश्नकर्ता: पंखा पहिल्या दिवसापासून चालवावा का?

उत्तर: नाही. आत बुरशी पसरून पिशव्या पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत बंदच ठेवावा; कळ्या दिसू लागल्या की टायमरने थोडा थोडा वेळ चालवावा आणि देठांकडे पाहून वेळ वाढवावा.