सुरक्षिततेची चित्रपुस्तकं: उत्तरं पाठ होतात, पण चित्र बदललं की गोंधळ

प्रश्न (बालवाडी_ताई): चार-पाच वर्षांची 22 मुलं आहेत. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ वाचून दाखवलं की उत्तरं घडाघडा येतात. तोच प्रसंग दुसऱ्या चित्रात दाखवला की गप्प. पुस्तक चुकतंय की वाचण्याची पद्धत? जत्रेत हरवण्याबद्दलही काही सुचवा.

चित्रवाचक: दोन्ही. ‘चांगला-वाईट’ ही जोडी आधी सोडा. गुदगुल्या आवडतात म्हणून चांगल्या, इंजेक्शन दुखतं म्हणून वाईट, असा मुलांचा हिशोब होतो. ‘सुरक्षित-असुरक्षित’ म्हणा. चड्डी-बनियनखालचे भाग कुणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, स्वतःचे दाखवायचे नाहीत. अपवाद अंघोळ-स्वच्छतेचा आणि आई-बाबांसमोर डॉक्टरांच्या तपासणीचा. अवयवांची नावं टाळणारं पुस्तक घेऊ नका. नुसतं ‘तिथे’ म्हणून पोर काय सांगणार? काळ्या चष्म्याचा अनोळखी माणूसच खलनायक असेल, तरी नको. त्रास देणारा बहुतेकदा ओळखीचा असतो.

सात-आठ मुलांचा गोल करा, मागच्यांना चित्र दिसत नाही. मजकूर झाका, ‘हिचा चेहरा असा का झालाय?’ विचारा आणि थांबा. मग करून बघायला लावा: मोठ्यानं ‘नको!’, दोन पावलं मागे, कुणाला सांगणार त्याचं नाव. पुढच्या वेळी काकांच्या जागी दादा, घराच्या जागी रिक्षा. गोंधळ इथेच सुटतो.

आजोळ: गुपिताचं पान हवंच. वाढदिवसाची भेट चार दिवसांनी सगळ्यांना कळते. ‘आईला कधीच सांगू नको’ हे गुपित लगेच सांगायचं.

घडीपुस्तक: जत्रेसाठी घरीच बनवा. कागदाला घड्या घालून आठ घरं करा, मधल्या आडव्या घडीवर मधल्या दोन घरांइतका एक काप द्या, मग दुमडलं की छोटं पुस्तक तयार. पानांवर क्रमानं चित्रं: हरवलो, जागेवर थांबलो, आईचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली (नुसत्या ‘आई’ला दहा बायका वळतात), पोलीस, दुकानदार किंवा लेकरं बरोबर असलेल्या बाईला सांगितलं. मोबाइल नंबर 3-3-4 अशा तालात पाठ करून घ्या.

चित्रवाचक: एक राहिलं. वाचताना एखादं मूल काही सांगून गेलं, तर गटासमोर खोदून विचारू नका. बाजूला घ्या, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, त्याचेच शब्द लिहून ठेवा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे. पण 2012 च्या पोक्सो कायद्यानं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) अशी गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी घरच्यांशी बोलून बघू’ ही सवड तिथे नाही.