तेंदूपानाला भाव मिळाला म्हणून सोलापूरची विडी अडचणीत आली, हे खरे आहे काय?

पूर्वभागवासी

गेल्या आठवड्यात अशोक चौकाजवळच्या एका बैठकीत असे ठामपणे मांडले गेले की, विडी ज्यात वळतात त्या तेंदूपानाचा लिलाव जंगलातल्या गावांच्या ग्रामसभांच्या हाती गेल्यापासून पान महागले आणि त्यामुळेच सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना पुरेसे काम मिळेनासे झाले. हे म्हणणे मला मान्य नाही आणि ते का मान्य नाही हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

विडी उद्योगाला पुरेल एवढे तेंदूचे जंगल आपल्या जिल्ह्यात नाही. पान येते ते गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर या भागांतून आणि शेजारच्या राज्यांतून. तंबाखू येते निपाणीकडून आणि गुजरातेतून. सोलापूरने या धंद्याला दिले ते हात. तेलंगणातून येऊन पूर्व भागात वसलेल्या पद्मशाली कुटुंबांत पुरुष मागावर बसत आणि बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. १९६९ च्या राज्य कायद्याने तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला, जंगलाचे घटक, म्हणजे भाग, पाडून त्यांचे लिलाव होऊ लागले, आणि पान तोडणाऱ्याच्या पदरात पडली ती फक्त पानांच्या पुड्यामागची मजुरी. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानाचा नावानिशी उल्लेख करून गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर मालावर, तिथल्या लोकांची मालकी मान्य केली. जे त्यांचे होते त्याचा भाव त्यांनी मागितला, तर त्यात सोलापूरचे काय लुटले गेले?

आता आमच्या घरातले सांगते. आई रात्री पान भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत असे. पहाटे पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री चालवू लागली की भोके पडलेले, जाड शिरांचे, करपलेले पान एकेक करून बाजूला पडे, आणि हजार विड्यांचे पान सातआठशेतच संपे. कारखान्याकडून पान मिळे वजनावर. विड्या मात्र घेतल्या जात मोजून. उरलेल्या विड्यांसाठी तिला पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणावे लागे, आणि त्यातूनही तपासणीत छाट, म्हणजे नापसंत विड्या, निघाली की तेवढी मजुरी बुडे. पानाचा भाव वाढो वा उतरो, खराब पानाचा तोटा वळणारीच्या पदरी घालणारा हा व्यवहार होता, आणि खरे दुखणे तेच आहे.

जुना हिशेबनीस

वजनाचा आणि मोजणीचा मुद्दा बिनतोड आहे. मी या धंद्याच्या हिशेबाच्या वह्या बरीच वर्षे लिहिल्या आहेत, त्यामुळे तो नाकारणार नाही. परंतु पानाच्या भावाचा प्रश्न ताईंनी फार लवकर निकालात काढला आहे. पान उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांत तोडले जाते आणि वळायचे असते वर्षभर. म्हणजे वर्षाच्या मालाचा पैसा एकाच हंगामात गुंतवावा लागतो, आणि मधेच अवकाळी पाऊस आला किंवा गोदामात कीड लागली तर तो पाण्यात जातो. २०१७ च्या हंगामात बोली भडकल्या आणि पुढच्या वर्षी कोसळल्या. अशा चढउतारात मोठा व्यापारी तग धरतो, लहान कारखानदार मात्र आठवड्याचे कामाचे दिवस कमी करतो. त्याच २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला, तो पानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये हे दर अनुक्रमे ५ आणि १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला खरा, पण मधल्या वर्षांत जे लहान कारखाने बंद पडले ते त्याने उघडणार नाहीत. मालकी ग्रामसभेची असावी. भाव मात्र तीन वर्षांच्या करारासारखा स्थिर हवा.

वैनगंगाकाठ

स्थिर भावाची मागणी मोठ्या खरेदीदाराला सोयीची असते, हे आमच्याकडच्या प्रत्येक ग्रामसभेला अनुभवाने कळले आहे. तेंदूच्या झुडपांची कटाई फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे नवे पान कोवळे आणि रुंद येते. हंगामात घरातली लहानथोर माणसे पहाटे अंधारातच जंगलात जातात, दुपारी सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, नेतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते, म्हणजे सत्तर हजार पाने एकेक करून खुडलेली असतात. ठेकेदारीच्या काळात फळीवरचा मुन्शी शेकड्यामागे चार पुडे जास्तीचे मागे आणि ते मजुरीत धरले जात नसत. ही चर्चा सुरू करणाऱ्या ताईंच्या आईला पान वजनावर मिळे, आमच्या आईचे पुडे जास्त मोजून घेतले जात. दोन्ही टोकांना मोजणारा माणूस दुसऱ्याचा होता. ग्रामसभेने सर्वांत मोठा बदल केला असेल तर तो हा की, फळीवर मोजायला आता गावचाच माणूस बसतो. तरीही सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही, कारण करार करून माल उचललेल्या काही ठेकेदारांकडे ग्रामसभांचे पैसे वर्षानुवर्षे थकले आहेत.

कुंभारीची शिक्षिका

तुम्ही तिघेही हा धंदा टिकावा असे गृहीत धरून बोलत आहात आणि मला तेच पटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आज्या दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसून खोकतात. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ही चळवळीची फार मोठी कमाई आहे. परंतु विडी कामगारांच्या दवाखान्यांना आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांना पैसा पुरवणारा १९७६ च्या कायद्याचा उपकर २०१७ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी तसा राखीव उपकर पुन्हा आला नाही. आयुष्यभर वळून हातात किमान निवृत्तिवेतन येते ते महिना हजार रुपये. पान वजनावर द्यावे की मोजून, यावर शक्ती खर्च करण्यापेक्षा या बायकांना शिवणकामाकडे वळवण्यासाठी पैसा मागितला पाहिजे.

पूर्वभागवासी

शिक्षिकाबाई, तुमचे म्हणणे मी टाळत नाही. पुढच्या पिढीने सूप मांडीवर घेऊ नये असे मलाही वाटते. परंतु पन्नाशी उलटलेल्या बाईला, जिची बोटे चाळीस वर्षे एकाच कामात घडली आहेत, उद्या शिवणयंत्रावर बसवता येणार नाही. तिला आज जे मिळायला हवे ते आजच मागावे लागेल. घरी बसून विड्या वळणारीसुद्धा भविष्य निर्वाह निधीची हक्कदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले. तोही हक्क भांडूनच मिळाला आहे.

हिशेबनीसकाका, कराबद्दल तुमचे मला पूर्ण पटले. स्थिर भावाबद्दल मात्र वैनगंगाकाठच्या दादांशी मी सहमत आहे. माझी मागणी एवढीच आहे की, कारखान्याच्या शाखेत पान देतानाच ते निवडून द्यावे, आणि साच्यात न बसणारे पान परत घेऊन तेवढेच चांगले पान वळणारीला मिळावे. याने कारखाना बुडेल असे वाटत असेल, तर किती पान परत येते ते महिनाभर नोंदवून पाहावे. आईची तेलुगूत लिहिलेली वही माझ्याजवळ आहे. तिच्यात जवळजवळ प्रत्येक आठवड्याला ‘पान विकत आणले’ अशी नोंद आहे आणि त्यातली शेवटची नोंद १९९८ सालची आहे.