फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नसेल तर

"कर्णबधिर कामगाराला यंत्रावर ठेवणं धोक्याचं, पॅकिंगला बसवा" असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या कारखान्यातही असंच झालं होतं. लेथवर (धातू कापून आकार देणाऱ्या यंत्रावर) उत्तम हात असलेल्या कर्णबधिर मुलाला पॅकिंगला पाठवलं, तेही त्याला न विचारता. फार वाईट वाटलं होतं.

नंतर नवीन सुपरवायझर खुणांच्या भाषेच्या दुभाष्याला घेऊन त्याच्याबरोबर गेटपासून लेथपर्यंत चालत गेले. खऱ्या अडचणी दोनच निघाल्या: फोर्कलिफ्टचा (माल उचलणाऱ्या गाडीचा) हॉर्न आणि आगीचा भोंगा. फोर्कलिफ्टपुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा लावला, लेथसमोर मागचं दिसेल असा आरसा बसवला, भोंग्याला लुकलुकणारा दिवा जोडला. स्वच्छतागृहातही दिवा हवा, कारण तिथे खांद्यावर थाप मारायला कुणी नसतं, हे त्यानेच सुचवलं. आम्हा ऐकू येणाऱ्यांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरणात अशा सोयी नमूद करायच्या असतात. ते धोरण आधी एचआरकडे मागा.

आणि व्हीलचेअरवरचा सहकारी वरच्या मजल्यावर बसत असेल, तर आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही. त्याला खाली कोण आणि कसं आणणार, हे त्याच्याशी बोलून लिहून ठेवा. रात्रपाळीसाठी वेगळं.