पावाच्या भट्टीचा धूर नको म्हटलं की मी लगेच गरिबांचा दुश्मन?

खिडकीबंद: जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वगैरेवर जायला सांगितलं तेव्हा आमच्या ग्रुपवर निम्मे लोक 'आता ब्रून मस्का गेला' म्हणून गळा काढत होते. आमच्या किचनची खिडकी धुराड्याच्या बरोब्बर समोर. पहाटे तीनला भट्टी पेटते, साडेतीनला आईचा नेब्युलायझर सुरू. आणि लाकूड म्हणजे बाभूळबिभूळ नाही हो, भंगारातलं, जुने दरवाजे, प्लायवूड, ऑइलपेंटसकट! दोरीवरच्या बनियनवर बोट फिरवलं तर काळं. पाव मलाही लागतो, पण असा?

जुनागिरणगावकर: बेकरी आधीची की तुमची बिल्डिंग आधीची ते सांगा पहिलं. आमच्याकडे तीन टॉवरची खोदाई चालू आहे, आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटचे डंपर रात्रभर धूळ उडवत जातात, त्यांना कोण विचारत नाही, पाववाल्याला मात्र लगेच नोटीस. अॅप बघा, आज हवा 'समाधानकारक' आहे.

खिडकीबंद: बिल्डिंग नंतरची, कबूल. टॉवरवाल्यांनाही धरा, मी कुठे नाही म्हणतोय? पण अॅपचं सांगू नका. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, त्यांची आपली वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये स्वतःची ५ वर आणली, म्हणजे आपलं 'समाधान' जरा स्वस्तातलंच. शिवाय हवा मोजायचं मशीन माझ्या खिडकीत नाही बसवलेलं.

लादीवाली: मामाची बेकरी आहे म्हणून बोलते. गल्लीत गॅसची पाइपलाइनच नाही, कमर्शियल सिलिंडर परवडत नाही. विटांची भट्टी एकदा तापली की दुपारपर्यंत धग राहते, त्यातच खारी, टोस्ट निघतात, ते गणित ओव्हनला जमत नाही. भट्टी फोडायची तर तेवढे दिवस माणसांना पगार कोण देणार? कर्ज द्या, लाइन द्या, मग बोला.

फावडंवाला: धुराचा विषय निघाला की सगळे खिडकीवाल्यांचंच बोलतात. माझे वडील तीस वर्षं भट्टीसमोर, झोपायला वरचा माळा, खाली धग आणि वर धूर. आयुष्यात विडी ओढली नाही तरी डॉक्टर पहिलं तेच विचारतात. आता जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबतात आणि चप्पल नीट करतोय असं दाखवतात. मामांना सांगा, कामगाराचं नाव पुढे करून भट्टी वाचवू नका.

लादीवाली: तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मामाही तिथेच उभा असतो हो, गल्ल्यावर बसून नाही राहत.

जुनागिरणगावकर: मग निदान धुराडं उंच करा की, सरळ उपाय!

खिडकीबंद: केलं ना मागच्या महिन्यात. आता चौथ्या मजल्यावरच्या काकू माझ्याशी बोलत नाहीत.