जुनी पिकअप घरीच सांभाळायची का मिस्त्रीकडेच टाकायची? आपापलं मत सांगा

पूर्णाकाठ (दर्यापूर)

राजेहो, आमच्याकडे २००९ ची बोलेरो पिकअप आहे. जुनं डीआय इंजिन, २५२३ सीसी, डिझेलचा मेकॅनिकल पंप, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर वगैरे काहीच नाही. घरचे म्हणतात विकून टाक अन् नवी घे, गावातले म्हणतात काहून हात काळे करून रायला, मिस्त्रीकडे टाक. मले दोन्ही पटत नाही. अशी गाडी ज्याच्या दारात उभी आहे त्यानं तिचं रोजचं काम स्वतःच केलं पायजे असं माझं ठाम मत आहे. ऑईल, तिन्ही फिल्टर, कुलंट, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसले ग्रीस, फॅन बेल्ट, बॅटरीचे टर्मिनल, डिझेल संपून हवा धरली तर हवा काढणे, हे सगळं अंगणात होते. पान्यांचा सेट, ग्रीसगन, फिल्टर खोलायचा पाना अन् एक मल्टिमीटर एवढं घेतलं की झालं.

पैसे वाचतात म्हणून नाही सांगून रायलो. गाडीच्या पुस्तकात ऑईल अन् फिल्टरचं जे किलोमीटर दिलं असते ते चांगल्या रस्त्याचं असते, धुळीत काम असलं तर लवकर बदला असंही त्यातच लिहिलेलं असते पण ते पान कोणी वाचतच नाही. आपली गाडी पांदणीनं चालते, समोर ट्रॅक्टर असला की काच दिसत नाही एवढी धूळ, अन् ती सगळी एअर फिल्टरमधे जाते. फिल्टर चोंदला की इंजिन हवेसाठी तडफडते, धूर काळा, डिझेल जास्त, चढावर दम नाही, अन् मग लोक म्हणतात पंप गेला, नोझल गेले. आधी फिल्टर काढून पाहा ना बाप्पा!

दुसरं म्हणजे आपला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरचं पाणी रेडिएटरमधे गेलं की आतून खार धरते, नळ्या बारीक होतात, मग मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की गाडी उकळते. गॅरेजात गाडी नेली तर पाईप लावून तिथलंच पाणी भरून देतात. मी डिस्टिल्ड वॉटर अन् कुलंट अर्धंअर्धं टाकतो, स्वतःच्या हातानं टाकतो म्हणून मले माहीत असते आत काय आहे ते. हीच खरी गोष्ट आहे, गाडीत काय आहे ते मालकाले माहीत असलं पायजे.

मिस्त्री (मूर्तिजापूर)

दर्यापूरवाले भाऊ, तुमचं फिल्टरचं अन् ऑईलचं शंभर टक्के कबूल. पण मिस्त्री बोअरचं पाणी भरते हे अर्धंच सांगितलं तुमी. मी स्वतः सांगतो कुलंट टाका, तर दहातले आठ गिऱ्हाईक म्हणतात राहू दे, पाणीच टाक, पुढच्या वेळी पाहू. मग मी काय करू?

अन् घरी काम करा घरी काम करा म्हणून तुमी सांगता तेव्हा वाचणारा फक्त ऑईलवर थांबत नाही. तो व्हिडिओ पाहते अन् हब खोलते. चाकाचं बेअरिंग कसताना नट कितीक दाबायचा हे हाताच्या अंदाजानं येते, जास्त कसलं तर बेअरिंग तापून जाम, ढिलं राहिलं तर चाक लडबडते. ब्रेकचं तर बोलूच नका. लायनर उलटे बसवलेले, व्हील सिलिंडरच्या रबराले डिझेल लावून पुसलेलं, असे पाहिले आहेत मी. डिझेलनं, ऑईलनं ते रबर फुगते हे कोणाले सांगावं. पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवून गाडी आणतात अन् म्हणतात धूर कमी करून दे. ते टेस्ट बेंचवरच लावा लागते, माझ्याकडंही ते मशीन नाही, मीच पंप-नोझलवाल्याकडे पाठवतो.

सगळ्यात मोठी भीती जॅकची. आपल्या काळ्या मातीत जॅक कधी खाली बसल भरवसा नाही, अन् लोक विटा लावून गाडीखाली शिरतात. वीट भार घेत नाही हो, एकदम फुटते. खाली जाड फळी, घोडी म्हणजे गाडीचा भार धरणारा लोखंडी स्टँड लावलेला, चाकाले गुटका, तेव्हाच खाली जायचं. ज्याच्याकडे घोडी नाही त्यानं गाडीखाली जाऊच नये, माझं म्हणणं कडक वाटलं तरी चालन.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

घोडीचं एकदम बरोबर, ते मी लिहायले पायजे तसं पहिल्यांदा लिहिणारच होतो पण लांबलं. पंपाले मीही हात लावत नाही. पण बाकीच्यावर असं कुलूप नका लावू. लायनर किती उरले हे ड्रम काढून पाहायले मालकाले आलंच पायजे, नाही तर तुमच्यासारखा चांगला मिस्त्री नसला तर समोरचा सांगते तेच खरं धरा लागते.

अचलपूरची

मी गाडी चालवत नाही, गाडी आमच्या ह्यांची आहे, पण वही माझ्याकडे असते म्हणून लिहिते. घरी काम केलं की मजुरी वाचते हे सगळे सांगतात पण गाडी किती वेळ उभी राहिली ते कोणी धरत नाही. गॅरेजात जे काम सकाळी टाकून दुपारी होते ते घरी एक नट आट्यावरून गेला की दोन दिवस चालते, त्यात सामान आणायला परतवाड्याला जा, चुकीचं आलं तर परत जा. कापसाच्या दिवसात एक भाडं गेलं की गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडे जाते आणि मग तो पूर्ण सीझन तिकडेच राहते, हे नुकसान मजुरीपेक्षा किती तरी मोठं आहे. घरी करू नका असं मी म्हणत नाही. पण घरचं स्वस्तच पडते असं बिनधास्त सांगू नका, ज्याच्या घरात गाडीवरच चूल आहे त्याला हे परवडत नाही.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

ताई, म्हणूनच वेळ पाहून कराचं. तूर-कापूस निपटला, हरभरा निघाला की उन्हाळ्यात गाडी तशीही रिकामी असते, तेव्हा सगळं उघडून पाहून घेतलं की सीझनमधे फक्त ऑईलची काडी अन् टायरची हवा राहते. दोन दिवस उभी राहते ती एप्रिल-मेत राहू द्या ना.

अचलपूरची

तुमची शेती आहे म्हणून तुमची गाडी उन्हाळ्यात रिकामी असते दादा. आमची भाड्याची आहे, उन्हाळ्यात लग्नाचं सामान, मंडप, पाण्याच्या टाक्या, तेव्हाच जास्त चालते.

ड्रायव्हर काका

मी चाळीस वर्षापासून गाड्या चालवून रायलो. विदर्भाच्या उन्हात एकच उपाय, थर्मोस्टॅट वॉल्व काढून फेका. पाणी मोकळं फिरलं की गाडी गरमच होत नाही. पुस्तकं थंड्या देशातल्यांनी लिहिली आहेत.

नागपूर-हिंगणा

काका, तुमच्या अनुभवाचा मान आहेच पण हे नका सांगू. थर्मोस्टॅट साधारण ८० च्या पुढे उघडतो, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर तो उघडाच असतो, उन्हात तो पाणी अडवत नाही. त्याचं काम आहे इंजिनला लवकर तापमानावर आणणं आणि तिथे ठेवणं. काढला तर हिवाळ्यात सकाळी इंजिन थंडच फिरते, डिझेल पूर्ण जळत नाही, ऑईलमध्ये डिझेल आणि ओल उतरते, इंजिनची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाटही बंद होते, तो काढला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत जाते, म्हणजे उन्हात उलटाच परिणाम. गाडी गरम होत असेल तर रेडिएटरचा खार, सैल बेल्ट, फॅन, आणि रेडिएटरचं झाकण पाहा. झाकण दाब धरते म्हणून पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही, झाकणाचं रबर गेलं की सगळं गेलं, आणि ते किती स्वस्तात येते.

ड्रायव्हर काका

जाम झालेला वॉल्व गाडी उकळवते का नाही? रस्त्यात जाम झाला, आजूबाजूले गाव नाही, मग तुमचं पुस्तक काय करन? मी काढून टाकूनच घरी आलो आहे अशा वेळी.

नागपूर-हिंगणा

रस्त्यात काढून घरी या ना काका, त्याला ना नाही. दुसऱ्या दिवशी नवा बसवा एवढंच. जुना गरम पाण्यात टाकून पाहा, उघडतो का ते डोळ्याने दिसते.

संत्राबाग (वरुड)

मेंटेनन्सवर सगळे बोलून राहिले, अपग्रेडचं कोणी बोलत नाही. मागं दोन्ही बाजूच्या स्प्रिंगमधे एकेक जादा पाटा टाकला, आता बागेतून भरलेली गाडी काढताना बूड टेकत नाही. आमच्या बागांच्या रस्त्यात खड्डे कसे आहेत ते पाहायला या. माझ्या मतानं जुन्या पिकअपले पहिलं काम हेच करावं.

नागपूर-हिंगणा

आणि मी म्हणतो हे काम सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. पाटा वाढवला म्हणून ॲक्सल, हब, टायर, ब्रेक वाढत नाहीत, आरसीवरचं वजन वाढत नाही, फक्त गाडी बसलेली दिसत नाही म्हणून माणूस आणखी भरतो. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नाही. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, भार आला की मागचं बूड खाली बसते, त्यावरून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही पाटा कडक केला की भरलेली गाडी खाली बसत नाही, व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. भरलेल्या गाडीत! उतारावर काय होईल विचार करा. कायद्याचंही ऐकून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनानं बदल करायला मनाई आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ओव्हरलोडला २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. आणि गाडी ८ वर्षांच्या वर गेली की फिटनेस दरवर्षी आहे, तिथेही पाटे दिसतात.

संत्राबाग (वरुड)

मी ओव्हरलोड करत नाही भाऊ, आधीच सांगतो. जुना पाटा थकलेला असते, त्याची कमान सपाट झालेली असते, तो पुन्हा होता तसा आणला तर त्यात चूक काय?

मिस्त्री (मूर्तिजापूर)

थकलेला पाटा असला तर जादा टाकू नका, पूर्ण सेट काढून कमान मारून घ्या नाही तर नवा टाका, सेंटर बोल्ट अन् यू-बोल्ट नवे टाका, यू-बोल्ट थोडी गाडी चालल्यावर पुन्हा कसा. अन् व्हॉल्व्हचा दांडा सेट करून घ्या. दोघांचं भांडण इथंच मिटते.

संत्राबाग (वरुड)

नाही मिटत. एकटी कमान मारलेली माझ्या रस्त्यावर एक सीझन टिकत नाही, दोनदा करून पाहिली. व्हॉल्व्हचं मात्र पाहतो, तेवढं पटलं.

यवतमाळी

लाईटबद्दल विचारायचं होतं. रात्री जिनिंगला रांग लावायला निघालो की समोरचं काही दिसत नाही. कोणी म्हणते १००/९० वॅटचे बल्ब टाक, कोणी म्हणते एलईडी. मी म्हणतो जे जास्त उजेड देते ते टाकावं, रानडुक्कर आडवं आलं तर काय करता.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

दोन्ही नको. मल्टिमीटर घे, इंजिन चालू ठेव, लाईट लाव, बॅटरीवर किती व्होल्ट आहे अन् बल्बच्या सॉकेटवर किती ते मोज. जुन्या गाडीत पूर्ण करंट स्विचमधून फिरून येते, वायर बारीक, जोड काळे पडलेले, अर्थिंगही गंजलेलं, मग व्होल्ट वाटेतच जातात अन् बल्ब पिवळा जळते. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, रिले (म्हणजे लाईटचा मोठा करंट स्विचऐवजी स्वतःमधून सोडणारी डबी), अन् बॉडीले चांगलं अर्थिंग, एवढं केलं की तोच ६०/५५ चा बल्ब पांढरा फटक दिसते. मायं सगळ्यात आवडीचं काम हे, जुन्या पिकअपवर पैसा लावाचा तर इथं लावा. ९०-१०० वॅटचा बल्ब जुन्या वायरिंगवर लावला की स्विच वितळते, होल्डर जळते. एलईडी हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमधे नीट बसत नाही, उजेड वर फेकते अन् समोरून येणारा मोटारसायकलवाला आंधळा होते. तो आपल्याच गावचा असते.

मिस्त्री (मूर्तिजापूर)

इथं मी दर्यापूरवाल्यांच्या बाजूनं, पण फ्यूज बॅटरीच्या जवळच, वीतभर अंतरात. फ्यूज रिलेजवळ टाकून देतात, मधली वायर बॉडीले घासली की तिले अडवायले कोणीच नाही. मागं कापूस भरलेला असते हे विसरू नका. माझ्या हिशोबानं वायरिंग हे ब्रेकइतकंच जोखमीचं काम आहे, अन् घरी करणाऱ्यांत अर्धे लोक टेप गुंडाळून मोकळे होतात.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

अन् गॅरेजातले? टेपचे जोड मी गॅरेजातून आलेल्या गाड्यांतच जास्त पाहिले आहेत. क्रिम्प करा, सोल्डर करा, श्रिंक नळी चढवा, कोणी कराव हा प्रश्न नाही, घाई नसणारा माणूस पायजे. घरी घाई नसते.

अचलपूरची

घरी घाई नसते हे तुमच्याकडे. आमच्याकडे घरीच जास्त असते. पण एक विचारते मिस्त्री दादा, ब्रेक ऑईल किती दिवसांनी बदलायचं? आमच्या गाडीत फक्त कमी झालं की वरून टाकतात, बदललेलं मला वहीत कुठेच दिसत नाही.

मिस्त्री (मूर्तिजापूर)

बरं विचारलं ताई. दोन वर्षात एकदा पूर्ण बदलायचं. ते ऑईल हवेतली ओल ओढते. डॉट ३ ग्रेडचं नवीन ब्रेक ऑईल २०५ अंशाले उकळते, ओल धरलं की १४० लेच, म्हणजे चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीनं उतरताना ब्रेक सारखे दाबले की आत वाफ होते अन् पेडल खाली जाते. वरून टाकून जुनं ऑईल आतच राहते, त्याचा काही फायदा नाही. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिले, मग जवळ जवळ येत हवा काढायची, अन् वर टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. दोन माणसं लागतात, एक पेडलवर. अन् ऑईल कमी का झालं ते आधी पाहा, लायनर घासले म्हणून का कुठं लीक आहे म्हणून. लीक असला तर गाडी त्याच दिवशी उभी करा, भाडं गेलं तरी.

अचलपूरची

घाट आठवड्यातून एकदा तरी असतोच आमचा. ड्रम उद्याच उघडायला लावते. पण गॅरेजातच, आणि मी स्वतः तिथे उभी राहते.