मदत हवी आहे: मिडफिल्डमध्ये हुकमत गाजवणारा पोरगा कसा घडवायचा?

मंडळी, कोल्हापुरात सतरा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल टीम बघतो. पायात कला आहे, पासिंग बघत राहावं असं. घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी. समोरच्या गोलकीपरनं लांब किक मारली की बॉल आमच्या तीन मिडफिल्डरच्या (मधल्या फळीतल्या पोरांच्या) मधोमध पडतो आणि तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. 'माझा!' म्हणून कुणी ओरडत नाही. तेवढ्यात समोरचा एखादा दांडगा गडी खांदा घालून बॉल घेऊन जातो. गोल खाल्ला की सगळ्यांच्या माना खाली.

मी इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा चाहता, त्यामुळं हे दुखणं ओळखीचं आहे. आमचा मिडफिल्डमधला दांडगा गडी व्हिएरा २००५ ला इटलीच्या युव्हेंटसला गेला, २००८ ला बॉल हिसकावणारे गिल्बर्टो आणि फ्लामिनी दोघंही गेले. उरलेल्या फाब्रेगास, रोसिकी, नासरी या मिडफिल्डरांचा खेळ देखणा, पण पुढची ट्रॉफी उजाडली थेट २०१४ ला. (नव्या स्टेडियमचं कर्ज होतं, मान्य. पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका.)

आमच्या मंडळातले जुने खेळाडू म्हणतात, सहा फुटी सेंटर बॅकला (बचावातल्या मधल्या गड्याला) पुढं मिडफिल्डमध्ये घे, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. त्याचा पहिला टच कच्चा आहे आणि मागं भगदाड पडेल ते वेगळंच. मँचेस्टर युनायटेडचा मिडफिल्डर कॅप्टन रॉय कीन कुठं सहा फुटी होता? १९९९ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला तुरिनमध्ये युनायटेड २-० नं मागं असताना पहिला गोल हेडरनं त्यानंच घातला. मग यलो कार्ड मिळालं, त्या बंदीनं फायनल हुकणार हे ठरलं, तरी गडी तसाच भिडत राहिला आणि मॅच ३-२ नं काढली. मिडफिल्डर कांते तर जेमतेम साडेपाच फूट, स्वभावानं अबोल, आणि लेस्टर-चेल्सी या क्लबांकडून लागोपाठ दोन वर्षं इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकला. लेस्टरचा कॅप्टन मात्र मागं उभा होता, वेस मॉर्गन. म्हणजे बॉल हिसकावणारा एक आणि हुकूम सोडणारा दुसरा, असंही जमत असावं.

आमच्यात सगळ्यात जास्त तोंड चालतं ते सगळ्यात बुटक्या पोराचं, तेही रेफ्रीशी भांडताना! त्याला मध्ये कॅप्टन करून शेजारी एक दणकट पोरगा द्यावा का?

दुसरं, आवाज द्यायची सवय कशी लावता? 'आवाज न देता बॉल घेतला तर समोरच्याला फ्रीकिक' असा नियम सरावात लावून बघितला. सरावाला मैदान दणाणतं, मॅचला परत तोंडं शिवलेली. आणि या वयात वजनं उचलायला लावावीत, की दंड-बैठकाच बऱ्या? मुलांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी सांगितलं तर उपकार होतील.